दिवाळीची सफाई आणि टाकीतले आजारपण

नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या घरी, बाहेरच्या खोलीत, तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशी माशांची टाकी आहे. २०२२ सालापर्यंत ही टाकी दर दिवाळीला पितळी भांड्यांच्या आणि पंख्याच्या पात्यांच्या बरोबरीने घासली जात असे. मासे प्लास्टिकच्या टबात काढायचे, खडे नळाखाली चोळून धुवायचे, फिल्टरचा स्पंज पांढरे पाणी येईपर्यंत पिळायचा, काच आतून मिठाने घासायची आणि सगळे पाणी बदलायचे, असा तो रविवारचा कार्यक्रम असे. संध्याकाळी टाकी नव्यासारखी दिसू लागली की घरातले सगळे चहाचे कप घेऊन तिच्यासमोर बसत. त्या वर्षी ती जरा जास्तच छान दिसत होती, आणि नोव्हेंबर संपेपर्यंत तिच्यातले आठ मासे मेले.

मासे व्हाइट स्पॉटने, म्हणजे अंगावर पांढरे ठिपके येण्याच्या रोगाने मेले, असे मी तेव्हा विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत असे. ते खोटे नव्हते, पण तो रोग या हकिगतीत सर्वांत शेवटी आला. त्याच्या आधी जे जे घडले ते सगळे मी माझ्या हाताने, हौसेने आणि सुट्टीच्या दिवशी केलेले होते. सातपूरच्या एका कारखान्यात मी गुणवत्ता तपासणीचे काम करतो. माल खराब निघाला की आधी यंत्राकडे आणि मग मालाकडे बघायचे, ही तिथली रोजची सवय. ती घरच्या टाकीपाशी मात्र मला आठवली नाही.

पहिली चूक स्पंजाची. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात, आणि नायट्रोस्पायरा गटातले जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, जे बरेच निरुपद्रवी असते. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, ते स्पंजावर, खड्यांवर आणि काचेवरच्या बुळबुळीत थरात राहतात. म्हणजे ज्याला आम्ही घाण म्हणून घासून काढत होतो, तोच टाकीचा खरा फिल्टर होता. शिवाय नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, आणि ते असलेच पाहिजे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळाला येणाऱ्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे लागते. जे क्लोरीन आपल्याला कावीळ आणि जुलाबापासून वाचवते तेच स्पंजातल्या जिवाणूंना मारते. पूर्वीच्या दिवाळ्यांत मासे कमी होते, म्हणून ही चूक निभावून गेली असावी.

त्या वर्षी ती निभली नाही, कारण टाकी स्वच्छ झाली या आनंदात मी भाऊबीजेच्या आदल्या दिवशी आठ निऑन टेट्रा आणून सोडले. आधीच टाकीत चार एंजल, सहा मॉली, काही गप्पी आणि तळाशी फिरणारे दोन कोरिडोरास होते. भाच्याला लखलखणारे निऑन दाखवायचे होते, एवढेच त्यामागचे कारण. दुकानातून आणलेली पिशवी पंधरा मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवली आणि पिशवीतल्या पाण्यासकट मासे टाकीत ओतले. दुकानात निऑनच्या शेजारच्या टाकीत एक मासा दगडाला अंग घासत होता, हे मी पाहिले होते. तो खेळतो आहे, असे मला वाटले.

पुढच्या दहा-बारा दिवसांत मासे सकाळी पाण्याच्या वरच्या थरात येऊन तोंड उघडमीट करू लागले. तेव्हा माझ्याकडे पाणी तपासण्याचा संच नव्हता. तो आणला तेव्हा नायट्राइटची नळी गडद गुलाबी झाली. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरते आणि हिमोग्लोबिनचे रूपांतर अशा पदार्थात करते की ज्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. पाण्यात हवेचे बुडबुडे भरपूर असतानाही मासा गुदमरतो. अशा माशाचे रक्त तपकिरी होते, आणि मेलेल्या मॉलीचे कल्ले उचलून पाहिले तेव्हा ते लाल नव्हते, चहाच्या चोथ्याच्या रंगाचे होते. अमोनियाचा प्रश्न आणखी वाकडा आहे, कारण त्याचा विषारीपणा पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर ठरतो. पंचवीस अंश तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियाचा साधारण अर्धा टक्का भागच विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तो पाच टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणजे दहापट. आमच्या इमारतीत गंगापूर धरणाचे पाणी आणि बोअरचे जड पाणी एकाच टाकीत मिसळते, त्यामुळे आमच्याकडे सामू ८ च्या खाली क्वचितच येतो.

पाणी बिघडले आहे एवढे मला कळले, आणि तिथेच मी दुसरी चूक केली. रोज सकाळी कामावर जाण्याआधी मी अर्धी टाकी रिकामी करून ताजे पाणी भरू लागलो. नोव्हेंबरच्या मध्यात नाशिकला थंडी उतरते, आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी पहाटे हाताला झोंबते. टाकीतले पाणी चोवीस अंशांवर आणि बादलीतले सोळा अंशांवर, असे मिसळले की माशांना पाच मिनिटांत चार अंशांचा धक्का बसतो. हीटर आमच्याकडे नव्हताच. नाशिकला हीटर कशाला लागतो, असा माझा समज होता. बैठकीची खोली उबदार असते ही आपली भावना, टाकीतल्या पाण्याची नव्हे. तापमापी लावली तेव्हा पहाटे साडेपाचला पाणी एकोणीस अंशांवर होते आणि दुपारी ऊन काचेवर येऊन ते पंचवीसवर जात होते.

माशांच्या ताणाविषयी बोलताना लोक थोडे हसतात, जणू आपण माशांना माणसांच्या भावना चिकटवतो आहोत. प्रत्यक्षात ताण ही अगदी शारीरिक गोष्ट आहे. जाळीने पकडणे, तापमानात उडी, खराब पाणी, दांडगा सोबती, यांपैकी काहीही झाले की माशाच्या शरीरात आधी ॲड्रेनलिन आणि मग कॉर्टिसॉल वाढते. थोडा वेळ वाढले तर ते जीव वाचवते; दिवसेंदिवस वाढलेलेच राहिले तर प्रतिकारशक्ती दबते. गोड्या पाण्यातल्या माशांची आणखी एक अडचण असते. त्यांचे रक्त भोवतीच्या पाण्यापेक्षा खारट असते, त्यामुळे पाणी कल्ल्यांतून सतत आत शिरत राहते आणि क्षार बाहेर झिरपत राहतात. मासा दिवसभर पातळ लघवीवाटे ते पाणी बाहेर फेकत असतो. ताणात कल्ल्यांतून रक्त जोरात वाहते, श्वास वाढतो आणि ही गळती दोन्ही दिशांनी वाढते. आजारी माशांच्या पाण्यात थोडे मीठ घालण्याची जुनी पद्धत याच कारणाने उपयोगी पडते, कारण आतल्या आणि बाहेरच्या क्षारांतला फरक कमी होतो. त्यात मिठातला क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटची वाट अडवतो, हा दुसरा फायदा.

निऑन आणल्यापासून तिसऱ्या आठवड्यात एका रात्री मी टाकीसमोर टॉर्च घेऊन बसलो होतो. मोठा एंजल फिल्टरच्या मागे पर मिटून उभा होता. तो एरवी माणूस आला की पुढे येतो. त्या दिवशी त्याचा एक कल्ला भराभर हलत होता आणि दुसरा जवळजवळ बंद होता. टॉर्च तिरकी धरली तेव्हा त्याच्या शेपटीच्या परावर भाजलेल्या रव्याच्या कणांसारखे सात-आठ पांढरे ठिपके दिसले. मी ते मोजले, वहीत लिहिले, आणि सकाळी पुन्हा मोजले तेव्हा ते तीस झाले होते. निऑनच्या निळ्या पट्टीवरचे ठिपके तर टॉर्चशिवायही दिसत होते.

त्या संध्याकाळी दुकानदाराने मला तीन गोष्टी दिल्या: निळे औषध, हिरवे औषध आणि अँटिबायोटिकची पावडर, आणि तिन्ही एकदमच टाका, असे सांगितले. त्याला दोष देणे सोपे आहे, पण गिऱ्हाईक दुकानात येते ते बाटलीच मागायला. मी तिन्ही टाकल्या. चौथ्या दिवशी ठिपके नाहीसे झाले, मी दुकानदाराला फोन करून आभार मानले, आणि सातव्या दिवशी ठिपके दुप्पट होऊन परत आले. मधल्या काळात निळ्या औषधाने, म्हणजे मिथिलीन ब्लूने, स्पंजात नुकते रुजू लागलेले जिवाणूही मारले आणि टाकीच्या सांध्यांतला सिलिकॉन कायमचा निळा करून ठेवला. तो आजही निळा आहे.

ठिपके का गेले आणि का परत आले, हे समजल्याशिवाय या रोगावर उपाय करता येत नाही. रोगाचा कर्ता इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस नावाचा एकपेशीय परजीवी आहे. १८७६ साली ठेवलेल्या या नावाचा अर्थ साधारण ‘पुष्कळ पोरे असणारी माशांची ऊ’ असा होतो आणि तो त्याला शोभतो. माशाच्या अंगावर दिसणारा ठिपका म्हणजे कातडीच्या पापुद्र्याखाली बसून खाणारा परजीवी. तिथे त्याला कोणतेही औषध पोचत नाही. पोट भरले की तो माशाला सोडून तळाशी पडतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आतल्या आत विभागून शेकडो पिल्ले तयार करतो. कवचातही औषध शिरत नाही. कवच फुटून पिल्ले पोहत बाहेर पडली की त्यांना फार तर दोन दिवसांत मासा सापडावा लागतो, नाहीतर ती मरतात. औषध, मीठ, जे काही चालते ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर. म्हणजे चौथ्या दिवशी ठिपके गेले ते औषधाने नव्हे. परजीवी जेवण आटोपून तळाला गेले होते, आणि मी आभाराचे फोन करत होतो.

हे सगळे चक्र किती दिवसांत फिरेल हे तापमानावर ठरते. तीस अंशांना ते तीन-चार दिवसांत उरकते, चोवीसला आठवडाभर घेते आणि त्याहून बऱ्याच थंड पाण्यात कित्येक आठवडे रेंगाळते. म्हणूनच पाणी गरम करतात. उष्णतेने परजीवी लगेच मरतो म्हणून नाही, तर तो लवकर बाहेर यावा म्हणून. मी शंभर वॉटचा हीटर आणला, बाटल्या बाजूला ठेवल्या, आणि दोन दिवसांत सावकाश तापमान तीस अंशांवर नेले. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, वीस अंशांना लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम, तर तीस अंशांना साडेसात, त्यामुळे दुसरा एअर पंप लावावा लागला. मीठ लिटरला दोन ग्रॅम या हिशेबाने, दीड दिवसात तीन वेळा विभागून, आधी मगमध्ये विरघळवून घातले. मिठाचा हिशेब करताना टाकीच्या मापावर जाऊ नये. आमच्या टाकीचे घनफळ १०६ लिटर भरते, पण खडे, दगड आणि वरची रिकामी चार बोटे वजा केली तर खरे पाणी नव्वद लिटरपेक्षा कमी असते. मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर जाडे मीठ मोजून घेतले. कोरिडोराससारख्या तळाच्या माशांना मीठ आणि रंगीत औषधे दोन्ही लवकर बाधतात, म्हणून प्रत्येक मात्रेनंतर तासभर त्यांच्यावर नजर ठेवली.

रोज रात्री नळीने तळातले खडे उपसून दहा लिटर पाणी काढायचे, म्हणजे कवचातले परजीवी त्याबरोबर जातात, आणि तेवढेच पाणी आदल्या दिवशी भरून ठेवलेले, कोमट करून तीस अंशांवर आणलेले आणि मोजून मीठ घातलेले असे परत भरायचे, हे काम मी सोळा दिवस केले. शेवटचा ठिपका नवव्या दिवशी दिसला. त्यानंतरचा आठवडा केवळ खबरदारीचा होता, आणि तोच पाळायला सर्वांत कठीण गेला, कारण सगळे ठीक दिसत असताना रात्री अकराला बादल्या उचलायचा कंटाळा येतो. या काळात आणखी एक अपघात झाला. टाकीतले पाणी झाडांना चांगले, हे आईला माहीत होते, म्हणून ती रोज ती बादली गच्चीतल्या मोगऱ्याला घालत होती. मीठ घातल्याचे मी तिला सांगितलेच नव्हते. मासे वाचले, मोगरा गेला. आई अजूनही पाहुण्यांना ही गोष्ट मोगऱ्यापासून सुरू करून सांगते.

पाच निऑन, दोन मॉली आणि एक एंजल, असा मेलेल्यांचा एकूण हिशेब झाला. फिल्टरच्या मागे उभा राहणारा मोठा एंजल वाचला.

व्हाइट स्पॉटवर उष्णता चालली म्हणून ती सगळ्यावर चालते असे मात्र नाही, हे पुढच्या उन्हाळ्यात एका मॉलीने शिकवले. तिच्या तोंडाभोवती कापसासारखा पांढरा थर आला. बुरशी असेल असे समजून मी तापमान वाढवले, आणि दोन दिवसांत तिचा ओठ झडला. तो कॉलम्नॅरिस होता, म्हणजे जिवाणूजन्य रोग, आणि तो उष्णतेत अधिक वेगाने पसरतो. खरी बुरशी बहुधा आधीच्या जखमेवर येते, तिचे तंतू लांब आणि मोकळे दिसतात. कॉलम्नॅरिसचा थर आखूड, चिकट आणि कडेला पिवळसर किंवा लालसर असतो. सोनेरी धूळ उडाल्यासारखी दिसली तर तो वेल्वेट नावाचा रोग. खवले अननसासारखे उभे राहिले तर आतले अवयव पाणी बाहेर टाकेनासे झालेले असतात, आणि तिथे बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. निऑनचा रंग तुकड्यातुकड्यांत फिका पडत गेला, तर त्या रोगावर औषध नाही. तो मासा लगेच वेगळा करावा, कारण तो मेल्यावर इतरांनी त्याला कुरतडले की रोग त्यांच्यात जातो. हाताला जखम असेल तर टाकीत हात घालताना हातमोजे घालावेत, कारण माशांच्या क्षयाचे जिवाणू माणसाच्या कातडीवर महिनोन्महिने न भरणाऱ्या गाठी करू शकतात. या विषयात मी वैद्य नाही, पण बाटली उघडण्याआधी दोन दिवस टॉर्च आणि वही घेऊन बसायला वैद्य असावे लागत नाही.

एका नातेवाइकांनी त्या दिवसांत सुचवले होते की आजारी मासे रामकुंडावर नेऊन सोडावेत, पुण्य लागेल. त्यांचा हेतू चांगला होता, पण परदेशी मासे आणि त्यांचे परजीवी गोदावरीत सोडण्यात पुण्य कसले? काच साफ करायला म्हणून आणलेला आणि मोठा झाल्यावर कुणीतरी सोडून दिलेला दक्षिण अमेरिकेतला सकर मासा आज देशातल्या अनेक तळ्यांत आणि नद्यांत ठाण मांडून बसला आहे.

आता घरात काही साधे बदल झाले आहेत. नवा मासा आला की तो महिनाभर वीस लिटरच्या वेगळ्या टबात राहतो, आणि त्या टबासाठीचा छोटा स्पंज एरवी मोठ्या टाकीतच पडून असतो, म्हणजे त्यात जिवाणू तयारच असतात. निऑन पाळायचे तर किमान सहा-आठ पाळावेत, कारण थव्याने राहणारा मासा एकटा पडला की कायम घाबरलेला राहतो. दिवा रात्री नऊला बंद होतो. काचेवर टिचकी मारायला भाच्याला बंदी आहे. माशांच्या अंगावर दोन्ही बाजूंनी एक रेषा असते, तिने ते पाण्यातली कंपने टिपतात, आणि टिचकीने त्यांच्या भोवतालचे सगळे पाणीच हादरते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री गल्लीत फटाक्यांची माळ लागली की मासे टाकीच्या कोपऱ्यात गोळा होतात, त्याला माझ्याकडे उपाय नाही. त्या संध्याकाळी मी काचेवर जुनी चादर टाकतो, दिवा लावत नाही आणि खाद्य देत नाही. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा छोटा पंप आहे. नळाचे पाणी बादलीत चोवीस तास ठेवून, त्यात बुडबुडे काढणारा हवेचा दगड टाकून मगच वापरतो. पावसाळ्यात पाणी गढूळ येते आणि क्लोरीनचा वास वाढतो, तेव्हा अँटीक्लोरीनचे थेंबही घालतो.

गेल्या दिवाळीत घर नेहमीसारखेच धुतले गेले. टाकीची बाहेरची काच पत्नीने ओल्या फडक्याने पुसली, आतली समोरची तेवढी मी पुसली, मागची आणि बाजूच्या काचांवरचे हिरवे तसेच ठेवले. स्पंज मी टाकीतूनच काढलेल्या पाण्यात तीनदा हलका दाबला आणि लगेच परत बसवला. बादलीत काळपट पाणी उरले होते. आई नव्या मोगऱ्याची कुंडी घेऊन आली, बादलीत बोट बुडवून तिने ते जिभेला लावून पाहिले आणि मग पाणी घातले.